बुद्ध्यांक १३४, आणि तरीही गृहपाठ अर्धवट

पालकांचे प्रश्न

या वेळी निवडलेली चार पत्रे चार वेगवेगळ्या घरांतून आली आहेत. चौघांचीही समजूत मात्र एकच दिसते. मुलाच्या बुद्धीवरून त्याचा स्वभाव ओळखता येतो, किंवा स्वभावावरून त्याची बुद्धी, असे त्यांनी गृहीत धरले आहे. म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. ओळख पटेल असा तपशील पत्रांतून काढला आहे.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा असून पाचवीत शिकतो. वर्गशिक्षिकांच्या सांगण्यावरून आम्ही त्याची बिने-कामत चाचणी करून घेतली. बुद्ध्यांक १३४ आला. घरात सगळ्यांना आनंद झाला, पण माझी काळजी वाढली. गृहपाठ रोज अर्धा राहतो, वह्या अपूर्ण असतात, कॅरममध्ये हरला की सोंगट्या उधळून रडत बसतो. एवढी बुद्धी असलेल्या मुलाला एवढी साधी गोष्ट कळत नाही का? की तो हे मुद्दाम करतो? — एक आई, नाशिक

उत्तर : त्याला कळते. कॅरमचा डाव हरल्याने काही बिघडत नाही, हे तो शांत असताना तुम्हालाच नीट समजावून सांगू शकेल. अडचण समजण्याची नाही. समजलेले त्या क्षणी पाळता येत नाही, ही अडचण आहे, आणि ते पाळण्याची ताकद बुद्धिमापन चाचणीत मोजलीच जात नाही.

आधी त्या आकड्याचा अर्थ पाहू. बिने-कामत चाचणीत बुद्ध्यांक काढण्याची रीत सोपी आहे. मुलाच्या मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागायचे आणि येणाऱ्या उत्तराला १०० ने गुणायचे. दहा वर्षांच्या मुलाचा बुद्ध्यांक १३४ आला, याचा अर्थ भाषा, तर्क, स्मरण, आकडे आणि आकृत्या यांवरच्या प्रश्नांत त्याने साधारण १३ वर्षे ५ महिने वयाच्या सर्वसामान्य मुलाइतके यश मिळवले. हरणे सोसणे, कंटाळवाणे काम संपवणे, राग आवरणे या बाबतींत तो दहा वर्षांचाच आहे. त्याच्याशी गप्पा मारताना मात्र मोठ्यांना तेरा वर्षांच्या मुलाशी बोलल्यासारखे वाटते, आणि मग त्याचे वागणेही तेरा वर्षांच्या मुलासारखे असावे, अशी अपेक्षा नकळत तयार होते. तुमच्या घरातील ताणाचा बराचसा भाग या अपेक्षेतून येत असावा, असे पत्र वाचताना मला वाटले.

ही चाचणी ज्यांच्या कामावर उभी आहे, त्या आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमोन यांच्यासह १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली मापनश्रेणी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी, हा तिचा उद्देश होता. पुढे १९३० च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी तिचे रूपांतर केले, आणि आजही आपल्याकडे ती वापरात आहे. शाळेतल्या यशाला बुद्धीखेरीज लक्ष, इच्छाशक्ती आणि प्रयत्नांतले सातत्य लागते, हे स्वतः बिने यांनीच स्पष्ट लिहून ठेवले होते. त्यांच्या चाचणीचा आकडा घरोघर पोहोचला, पण हे म्हणणे मागेच राहिले, याची मला मनापासून खंत वाटते.

व्यक्तिमत्त्वाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ आज त्याचे साधारणपणे पाच पैलू मानतात. नव्या अनुभवांची आवड, चिकाटी व नेटकेपणा, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता म्हणजेच चिंताळूपणा, असे ते पैलू आहेत. यांपैकी नव्या अनुभवांच्या आवडीचा बुद्धीशी बऱ्यापैकी संबंध आढळतो. ज्याला प्रश्न पडतात तो वाचतो, आणि वाचणाऱ्याला आणखी प्रश्न पडतात, असे हे चक्र आहे. चिंताळूपणाचा संबंध किंचित उलट दिशेने दिसतो. चिकाटी आणि नेटकेपणा यांचा बुद्धीशी संबंध मात्र जवळजवळ नसतोच. म्हणजे बुद्धिमान मुलांतही चिकाटीची आणि धरसोडीची मुले साधारण इतर मुलांइतकीच सापडतात. तुमचा मुलगा अपवाद नाही.

या बाबतीत अमेरिकेतील एक जुना अभ्यास मला फार बोलका वाटतो. लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील सुमारे १५०० अतिशय बुद्धिमान मुलांची निवड केली आणि पुढे अनेक दशके त्यांच्या आयुष्याचा माग ठेवला. बुद्धिमान मुले अशक्त, एकलकोंडी आणि विक्षिप्त असतात, अशी तेव्हाची समजूत होती. प्रत्यक्षात ही मुले प्रकृतीने आणि मिळूनमिसळून वागण्यात सरासरीपेक्षा थोडी उजवीच निघाली. ती मोठी झाल्यावर त्यांतील सर्वांत यशस्वी ठरलेले १५० पुरुष आणि सर्वांत मागे राहिलेले १५० पुरुष यांची तुलना करण्यात आली. (तुलना केवळ पुरुषांचीच झाली. त्या काळी यातल्या असंख्य बुद्धिमान मुलींच्या वाट्याला व्यवसाय आलाच नाही, हेही विसरू नये.) या दोन गटांच्या बुद्ध्यांकांत नाव घेण्याजोगा फरक नव्हता. फरक होता तो हाती घेतलेले काम तडीस नेण्याच्या वृत्तीत, ध्येयाच्या दिशेने आयुष्य बांधून घेण्यात आणि आत्मविश्वासात. घरच्या परिस्थितीतही फरक होता. यशस्वी गटातील पुरुषांचे पालक अधिक शिकलेले होते, त्यामुळे सगळे श्रेय स्वभावाला देणे योग्य होणार नाही. तरी अँजेला डकवर्थ आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवीच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासातही वर्षअखेरच्या गुणांचा अंदाज बुद्ध्यांकापेक्षा स्वयंशिस्तीवरून अधिक चांगला बांधता आला.

मग तुमच्या मुलाच्या बाबतीत काय झाले असावे? पहिली ते चौथी या वर्षांत त्याला बहुधा काहीच अवघड गेले नसेल. वर्गात एकदा ऐकले की येत होते, म्हणून घरी बसण्याची सवय लागली नाही, आणि चुकण्याचा, पुन्हा करून पाहण्याचा, हरण्याचा सराव झाला नाही. इतर मुलांनी पहिलीपासून पाढे आणि जोडाक्षरांशी झगडत जी सहनशीलता कमावली, ती कमावण्याची संधीच त्याला मिळाली नाही. आता पाचवीत लिहिण्याचे काम वाढले आहे, आणि ज्या गोष्टी नुसत्या डोक्यावर निभावत होत्या, त्यांना बैठक लागू लागली आहे.

त्यात भर पडते ती आपल्या कौतुकाची. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांना काही कोडी सोडवायला दिली. नंतर काहींना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, तर काहींना ‘तू चांगले कष्ट घेतलेस’ असे म्हटले. पुढे मुद्दाम अवघड कोडी देऊन सर्वांना अपयशाचा अनुभव दिल्यावर, हुशार म्हटलेल्या मुलांनी लवकर माघार घेतली, त्यांची गोडी कमी झाली, आणि स्वतःचे गुण इतरांना कळवताना ते फुगवून सांगणारी मुलेही त्यांच्यातच अधिक निघाली. एका वाक्याने मुलाचे आयुष्य बदलते असा अर्थ यातून कोणी काढू नये, कारण नंतरच्या मोठ्या अभ्यासांत अशा उपायांचे परिणाम माफकच दिसले आहेत. पण ज्या मुलाला रोज ‘आमचा हुशार’ म्हणून हाक मारली जाते, त्याला कॅरमचा हरलेला डाव खेळ वाटत नाही. आपली ओळखच गेली असे त्याला वाटते. सोंगट्या तिथून उधळल्या जातात.

आता काय करावे? तो आकडा त्याच्यासमोर, नातेवाइकांसमोर आणि शाळेच्या सभेत उच्चारणे आजपासून बंद करा. कौतुक करायचे तर केलेल्या कामाचे करा, आणि ते नेमके करा: ‘तिसरे गणित दोनदा चुकले तरी सोडले नाहीस.’ गृहपाठाची वेळ आणि जागा ठरवून द्या आणि पहिली दहा मिनिटे त्याच्या शेजारी स्वतःचे काही काम घेऊन बसा, कारण अशा मुलांना सुरुवात करणेच सर्वांत जड जाते. त्याची अपूर्ण वही तुम्ही पूर्ण करू नका, शाळेत त्याला स्वतःला उत्तर देऊ द्या. आणि जिथे बुद्धीच्या बळावर पुढे जाताच येत नाही अशी एक गोष्ट त्याला शिकू द्या. मल्लखांब, पोहणे, तबला, काहीही चालेल. तबल्यावर ‘तिरकिट’ समजायला दोन मिनिटे लागतात आणि बोटांत उतरायला महिने लागतात. त्या महिन्यांत तो जे शिकेल, ते त्याला सध्या कुठलेच पाठ्यपुस्तक शिकवणार नाही. पुण्यात १९६२ मध्ये अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली तीही बुद्धिमान मुलांसाठीच होती, पण नुसत्या बुद्धीला प्रेरणेची आणि सामाजिक जाणिवेची जोड द्यावी लागते, हा विचार तिच्या पायाशीच होता.

एक गोष्ट मात्र तपासून घ्याच. तोंडी उत्तरे झटपट देणारा मुलगा लिहायचे म्हटले की टाळाटाळ करतो का, अक्षर फार वेडेवाकडे आहे का, शब्द वगळले जातात का, कोणत्याही एका जागी त्याचे लक्ष टिकत नाही का? उच्च बुद्ध्यांक असलेल्या मुलांतही लेखनातील अध्ययन अक्षमता किंवा अवधानाचा दोष असू शकतो, आणि बुद्धी चांगली असल्यामुळेच तो कित्येक वर्षे झाकला जातो. अशा मुलांना घरात आणि शाळेत ‘आळशी’ हे विशेषण हमखास मिळते, आणि ते अतिशय अन्यायाचे असते. शंका असल्यास बालविकास तज्ज्ञांकडून किंवा मोठ्या सरकारी रुग्णालयातून तपासणी करून घ्या. निदान झाल्यास राज्य मंडळाच्या परीक्षांत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात.

प्रश्न : माझी नात सहा वर्षांची असून पहिलीत आहे. शाळेत ती तोंडातून शब्द काढत नाही, बाई विचारतात तेव्हा खाली बघते. बाईंचे म्हणणे, ती ‘मागे’ आहे. सूनबाईही धास्तावल्या आहेत. घरी मात्र ती माझ्याशी अखंड बोलते. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरताना पाच डझनांच्या तीन पेट्यांत किती आंबे, हे तिने मनाशी मोजून सांगितले. ती मंद आहे का, हुशार आहे? — एक आजोबा, रत्नागिरी

उत्तर : आजोबा, पाच डझनांच्या तीन पेट्या म्हणजे १८० आंबे, आणि हा हिशेब पहिलीच्या अभ्यासक्रमाच्या बराच पुढचा आहे. आपण जे पाहिले ते एकदा नीट लिहून काढून बाईंना दाखवा, कारण त्यांना वर्गात जी मुलगी दिसते तिच्यापेक्षा वेगळी मुलगी आपल्या घरात राहते.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे तान्ह्या बाळांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. भूक, झोप, नव्या माणसाला आणि नव्या जागेला दिलेला प्रतिसाद यांच्या नोंदींवरून त्यांना दिसले, की सुमारे १५ टक्के मुले ‘हळूहळू रुळणारी’ असतात. नव्या ठिकाणी ती आधी मागे सरतात, दुरून निरखतात आणि पुरेसा वेळ मिळाला की मिसळतात. या वृत्तीचा बुद्धी कमी किंवा अधिक असण्याशी संबंध नाही. त्या दोघांचा यापुढचा विचार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मुलाचा स्वभाव चांगला किंवा वाईट नसतो, तो भोवतालच्या अपेक्षांशी जुळतो की नाही यावर बरेच काही अवलंबून असते, असे ते म्हणत. पन्नास मुलांच्या वर्गात चटकन हात वर करणाऱ्यालाच ‘चुणचुणीत’ म्हटले जात असेल, तर हळू रुळणारे मूल तिथे ‘मागे’ दिसणारच.

आपल्या भाषेतील शब्दही यात भर घालतात. ‘घुमा’, ‘बुजरी’, ‘मुखदुर्बळ’ हे स्वभावाचे शब्द आहेत, पण बोलता बोलता आपण ते ‘मठ्ठ’ या शब्दाच्या शेजारी नेऊन ठेवतो. मोजमापही यातून सुटत नाही. अनोळखी परीक्षकासमोर बसलेले बुजरे मूल येत असलेल्या उत्तरालाही ‘माहीत नाही’ म्हणून मोकळे होते, कारण त्याला त्या खोलीतून बाहेर पडायचे असते. म्हणून इतक्या लहान वयात, ओळख न वाढवता घेतलेल्या चाचणीच्या आकड्यावर मी फारसा विसंबत नाही. मूल रमले नसेल तर चाचणी दोन बैठकांत घ्या, असे मी पालकांना आणि सहकाऱ्यांनाही सुचवते.

दोन गोष्टी करून घ्या. पहिली, कानांची तपासणी, कारण वर्गाच्या गोंगाटात नीट ऐकू न येणारे मूलही गप्प बसते. दुसरी अशी, की ती शाळेत एकाही मैत्रिणीशी, डबा खातानासुद्धा बोलत नसेल, आणि शाळा सुरू होऊन महिना-दोन महिने उलटूनही यात काहीच फरक पडला नसेल, तर बालमानसतज्ज्ञांना भेटा. काही मुलांना घराबाहेर बोलण्याची तीव्र भीती बसते, आणि तिच्यावर लवकर केलेले उपचार चांगले लागू पडतात. बाईंना विनंती करा, की तिला सर्वांसमोर उभे न करता आधी जवळ बोलावून हळू आवाजात विचारावे, किंवा उत्तर पाटीवर लिहून दाखवू द्यावे. ‘बोल ना, बोल ना’ म्हणून पाहुण्यांसमोर पुढे ढकलणे घरच्यांनीही थांबवावे.

प्रश्न : मुलाच्या शाळेत एका संस्थेने शिबिर घेतले. दहा बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी कोणत्या प्रकारची, स्वभाव कसा आणि पुढे कोणती शाखा घ्यावी, याचा चाळीस पानांचा अहवाल देतात. फी काही हजार रुपये आहे. घ्यावा का? — एक वडील, पिंपरी-चिंचवड

उत्तर : घेऊ नका. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात, गर्भारपणाच्या पाचव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात आणि माणसाची ओळख पटवण्यासाठी त्या उत्तम असतात. त्यांवरून बुद्धी किंवा व्यक्तिमत्त्व कळते याला वैज्ञानिक आधार नाही. असे अहवाल पटतात, कारण ‘तुमचे मूल संवेदनशील आहे, पण योग्य वातावरण मिळाल्यास नेतृत्व करू शकते’ यांसारखी वाक्ये कोणत्याही मुलाला लागू पडतात. मापन करूनच घ्यायचे असेल, तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून बिने-कामत किंवा नागपूरच्या डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी रूपांतरित केलेली चाचणी करून घ्या, आणि तीही काही नेमका प्रश्न मनात असेल तरच. शाळेच्या आवारात भरवले गेले म्हणून शिबिर विश्वासार्ह ठरत नाही, हे पालक-शिक्षक संघाच्या सभेत आपण उभे राहून सांगितलेत तर इतर पालकांचेही पैसे वाचतील.

प्रश्न : आमच्या दोन मुली आहेत. थोरलीला शिष्यवृत्ती मिळाली, ‘बुद्धिमत्ता चाचणी’च्या पेपरात तर तिला जवळजवळ पूर्ण गुण होते. धाकटी तेवढी हुशार नाही, पण कष्टाळू आहे. सासूबाई म्हणतात, बुद्धी जन्मजात असते आणि स्वभाव संस्कारांनी घडतो, म्हणून धाकटीच्या स्वभावावर मेहनत घ्यावी. हे बरोबर आहे का? — एक आई, सातारा

उत्तर : सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण ही विभागणी खरी नाही. जुळ्या भावंडांवरील असंख्य अभ्यासांतून दिसते, की माणसामाणसांतील स्वभावाच्या फरकांपैकी चाळीस-पन्नास टक्के फरक आनुवंशिकतेशी निगडित असतो, म्हणजे स्वभावही बऱ्याच अंशी जन्माबरोबर येतो. (हा आकडा समाजातील फरकांविषयी आहे. एखाद्या मुलीचा अर्धा स्वभाव आईवडिलांकडून आला, असा त्याचा अर्थ होत नाही.) दुसरीकडे, बुद्धीही दगडावरची रेघ नाही. बालपणी तिच्यावर घराचा आणि परिस्थितीचा प्रभाव मोठा असतो, गर्भारपणात आईला आयोडीन कमी पडले तर ती खुंटते, आणि शाळेतील प्रत्येक वाढीव वर्षाबरोबर बुद्ध्यांकात काही गुणांची भर पडते, असे आढळले आहे. मूळचा स्वभाव संस्कारांनी उलटत नाही, पण त्याला वळण लागते. बुजरे मूल वक्ता झाले नाही तरी चार माणसांत निर्धास्त बोलायला शिकते.

शिष्यवृत्तीच्या ‘बुद्धिमत्ता चाचणी’ या पेपराविषयी एक खुलासा करायला हवा. संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आरशातील प्रतिमा, वेन आकृत्या हे प्रश्न तर्काचे आहेत खरे, पण वर्षभर सराव-पुस्तके सोडवून त्यांत गुण वाढवता येतात आणि बहुतेक मुले तेच करतात. तो परीक्षेतील एक विषय आहे, बुद्ध्यांकाचे मापन नव्हे. तुमच्या थोरलीने ते गुण मिळवण्यासाठी पहाटे उठून किती पेपर सोडवले असतील, ते आठवून पाहा. म्हणजे तिचे कष्ट घरात कोणी मोजलेच नाहीत, आणि धाकटीची बुद्धी कोणी मोजलीच नाही.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. त्यात लहानपणी आत्मसंयम अधिक असलेली मुले तिशीत आल्यावर प्रकृतीने आणि आर्थिक घडीने अधिक चांगल्या स्थितीत होती, आणि बुद्ध्यांक व घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावरही हा फरक टिकून राहिला. धाकटीकडे जे आहे ते हुशारी नसल्याची भरपाई नव्हे. ते तिचे स्वतःचे मोठे भांडवल आहे. पण ‘कष्टाळू’ हा शब्द तुमच्या घरात ‘हुशार नाही’ या अर्थाने वापरला जातो, आणि हे तिला आपण समजतो त्याच्या कितीतरी आधी कळलेले असते. तिची तुलना गेल्या वर्षीच्या तिच्याशीच करा. थोरलीच्या जुन्या सराव-पुस्तकांतील कोडी दोघींना रविवारी एकत्र सोडवायला बसवा, वेळ न लावता आणि गुण न देता. धाकटी कुठे अडते आणि कुठे बहिणीच्या आधी पोहोचते, ते पाहा, आणि पुढच्या पत्रात मला कळवा.